घरं, सुतारशाळा, कॅन्टीन आणि पालिका : मोट बांधायची कशी?

हिशेबनीस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथं नुसती वाचतेय, लिहायचं धाडस आजच करतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पोटासाठी हिशेब लिहिते. दुसऱ्यांच्या वह्या जुळवायच्या, हेच काम. त्यामुळे कुठे जमा-खर्च जुळत नसला की मला झोप लागत नाही. सध्या जुळत नाहीये तो आमच्या इमारतीचा कचरा.

इमारत ४८ घरांची. आम्ही तिघींनी मिळून ओला-सुका वेगळा करायचं मनावर घेतलं. घरोघर गेलो, दोन-दोन डबे ठेवायला लावले, मुलांकडून चित्रं काढून घेऊन जिन्यात चिकटवली. मी काटा घेऊन सलग सात दिवस सकाळी ओला कचरा मोजला. दिवसाला सरासरी २६ किलो भरला, म्हणजे घरटी अर्ध्या किलोच्या वरच. चौथ्या महिन्यात ४८ पैकी ३१ घरं नीट वेगळं करत होती. (‘नीट’ म्हणजे मी अचानक झाकण उघडलं तर त्या घरच्यांना लाज वाटू नये इतपत.)

मग एका सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजी खिडकीत उभ्या होत्या. गाडी आली. गाडीवरच्या माणसाने हिरवा डबा उचलून गाडीत उपडा केला. मग निळा उचलला, तोही त्यावरच उपडा केला. आजी ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर सव्वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, खाली एक अक्षरही न लिहिता.

चार महिन्यांचं काम त्या एका दुपारी पाण्यात गेलं. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं तर नीट वेगळं करणारी १२ घरं उरली होती, आणि त्यातली तीन आमची तिघींचीच.

तेव्हा वाटलं, हे एकट्या घरांच्या हातातलं काम नाही, सगळ्यांना एकत्र बसवायला हवं. आमच्या भिंतीला लागून सुतारकामाची कार्यशाळा आहे, तिथे भुशाची पोती पडून असतात. समोर एक मोठी कचेरी आणि तिचं कॅन्टीन. पालिकेचं खातं आहेच. बैठक लावली. बैठकीला अठरा जण होते, फोटोला तीस. चौघांनी पर्यावरणाच्या महत्त्वावर भाषणं केली आणि निघताना प्रत्येक जण म्हणाला, “आपण सगळे मिळून करू.” त्याला दहा आठवडे झाले. ‘आपण सगळे’ नावाचा माणूस अजून कामावर हजर झालेला नाही.

मधल्या काळात आम्ही मागच्या बाजूला खताचा ढीग सुरू केला. शेजारच्या कार्यशाळेतला भुसा त्यात घातला, कारण कुठेतरी वाचलं होतं की घालावा. त्याला असा वास सुटलाय की तळमजल्यावरच्या काकांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

तर प्रश्न असा. वेगवेगळ्या धंद्यांतली ही चार तोंडं. कुणाचा कुणावर हक्क नाही, कुणी कुणाचं ऐकायला बांधील नाही. यांची मोट बांधायची कशी? ज्यांनी खरंच काही करून पाहिलंय त्यांनी लिहा. आणि ‘जनजागृती’ हा शब्द कृपा करून नको.

—

जुना मुकादम

ताई, तुमच्या आजींचा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण तसले भरपूर पाहिलेत. काहींत गाडीवरचा माणूस मीच असणार. या कामात पंचवीसेक वर्षं गेली, आधी गाडीमागे, नंतर मुकादम म्हणून.

दोन्ही डबे एकात उपडे करणारा आळशी असतो असं धरून चालू नका. आधी बघा, गाडीला मधे पडदा आहे का. पुष्कळ गाड्यांना एकच पोट असतं. पडदा असला तरी सुका कचरा हलका आणि फुगीर, त्याचा कप्पा निम्म्या वाटेतच भरतो. ओला जड असतो पण जागा कमी खातो, त्याचा कप्पा रिकामाच. आता पुढच्या वीस इमारतींचं काय करायचं? इमारत सोडली तर तक्रार जाते. मिसळलं तर जात नाही, निदान कुणी खिडकीत उभं नसेल तर. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?

दुसरं, ठेकेदाराला पैसे कशाचे मिळतात ते काढा. टनावर मिळत असतील तर गाडी काट्यावर जितकी जड तितकं त्याला बरं. तुमचा २६ किलो ओला कचरा म्हणजे बहुतेक पाणीच, पण काट्याला ते कुठे कळतं? तो तुम्ही जागेवर जिरवला की त्याच्या बिलातून तेवढं वजन गेलं. असा माणूस बैठकीत ‘करू ना’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो हो, चार लोकांत त्याला दुसरं काय बोलता येणार! तेच पैसे फेरीवर किंवा घरांच्या आकड्यावर ठरलेले असले तर हाच गडी तुमच्या बाजूने उभा राहील. गाडी उशिरा भरते, डिझेल वाचतं.

करायचं काय, तर वार लावून घ्या. ओला रोज, सुका ठरलेल्या दोन वारी. मग गाडीला एकच पोट असलं तरी मिसळायला काही उरत नाही. त्याला नवी गाडी लागत नाही, एक पत्र लागतं. पत्र साहेबांना द्याच, पण त्याआधी गाडीवाल्याला विचारा की कुठले वार त्याला झेपतील. आणि एक सांगा, त्या अठरा जणांत गाडीवाला होता का?

जाता जाता. दक्षिण कोरियाची एक फिल्म आम्हाला खात्यात दाखवली होती. तिथे वाया गेलेलं अन्न कचरा डेपोत पुरायला २००५ साली बंदी आली, आणि जितकं टाकाल तितके पैसे भरा हा नियम देशभर २०१३ मध्ये. सगळे साहेब कार्ड लावून उघडणाऱ्या डब्याकडे टक लावून बघत होते. मी ती दोन सालं बघत होतो. त्यांनी आधी शेवटचं दार लावलं, मग घराघरांत मोजायला गेले. आपण आधी घरात शिरतो आणि मागचं दार सताड उघडं.

—

हिशेबनीस

नव्हता, दादा. आत्ता हजेरीचा कागद काढून बघितला. कार्यशाळेचे मालक आहेत, कचेरीचे व्यवस्थापक आहेत, खात्याचे दोन अधिकारी आहेत, आम्ही बाया आहोत. गाडीवाला नाही. आणि कुणाला तो आठवलाही नाही. रोज सकाळी आमच्या दारात येणारा माणूस, त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. हे लिहितानाच ओशाळायला होतंय.

—

भट्टीवाला

मी रसायनांच्या कारखान्यात, वाफ आणि सांडपाणी माझ्याकडे. तुमच्या ढिगापासून सुरू करतो, कारण तळमजल्यावरचे काका आधी शांत झाले पाहिजेत.

भुसा कशाचा आहे? हे विचारल्याशिवाय एक मूठही घालू नका. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली पाटी), लॅमिनेट, रंग दिलेलं किंवा वाळवीसाठी औषध लावलेलं लाकूड, यांचा भुसा खतात नको. प्लायवूड आणि एमडीएफ डिंकाने चिकटवलेले असतात, त्यात फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाची रेझिन असतात. हल्लीच्या कार्यशाळांत कोरं लाकूड कमी आणि याच पाट्या जास्त कापल्या जातात. पोतं एकच असेल तर सगळं त्यातच.

आता वास. करवतीचा बारीक भुसा पाणी पिऊन लुकणासारखा बसतो, आतली हवा कोंडते. हवा नसली की दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. (डेपोच्या डोंगराखाली मोठ्या प्रमाणात हेच होतं, तिथून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो.) तुम्हाला हव्यात त्या रंधा मारताना निघणाऱ्या कुरळ्या साली. त्या फुगीर राहतात, मधून हवा खेळते. सोबत वाळका पाला मिळाला तर उत्तम. जीवाणूंना नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब लागतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात तो कमी पडतो, लाकडात काहीशे पट असतो. म्हणून सालींचंही वजन थोडंच लागतं, उगाच पोतंभर ओतू नका.

परीक्षा अशी: ढिगाच्या मधलं मूठभर घ्या आणि पिळा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त, आजच उलथापालथ करा. काहीच आलं नाही आणि हाताला कोरडं लागलं तर पाणी शिंपडा. ढीग कमरेएवढा झाला की मधोमध हात ठेववणार नाही इतकं तापायला हवं, ५५ अंशांच्या पुढे. तापत नसेल तर तो ढीग खताचा नाही, नुसता साठवलेला कचरा.

आता तुमचा मूळ प्रश्न. आमच्या धंद्यात डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गचं नाव नेहमी निघतं. लहानसं बंदराचं गाव. १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याला पाणी हवं होतं म्हणून तळ्यावरून नळ आला. १९७२ मध्ये त्याच कारखान्याचा जाळून टाकायचा वायू शेजारच्या प्लास्टरबोर्डवाल्याला (भिंती-छतासाठी जिप्समच्या पाट्या बनवणाऱ्याला) जायला लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ इतर कारखान्यांना गेली, वाया जाणारी उष्णता गावातल्या घरांना गेली आणि सुमारे ३,५०० घरांच्या तेलाच्या भट्ट्या विझल्या. वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक पकडताना जिप्सम तयार होतं, तेही प्लास्टरबोर्डवाल्याने घेतलं. औषधांच्या कारखान्यातला गाळ शेतात खत म्हणून गेला.

आज सगळे तिथे बघायला जातात आणि येऊन ‘एकात्मिक आराखडा’ वगैरे बोलतात. आराखडा नव्हताच. दोन-दोन पक्षांचे सुटे करार होते, प्रत्येकात दोघांचाही काही ना काही फायदा होता आणि वर्षांमागून वर्षं त्यात एकेक नळ वाढत गेला. ‘औद्योगिक सहजीवन’ हे नाव नंतर चिकटलं.

म्हणून मी चौघांची बैठक घेणार नाही. चौघांत जोड्या सहा होतात. कार्यशाळेला पालिकेशी काय बोलायचंय? काही नाही. कॅन्टीनला कार्यशाळेशी? काही नाही. तुमच्या कामाच्या जोड्या दोन, फार तर तीन. एकेका जोडीला वेगळं गाठा आणि विचारा की तुमचं काय अडतंय. तुमचं काम शेवटी सांगा. सुताराला त्याचा भुसा उचलून न्यायची कटकट आहे की नाही, हेही बहुतेक कुणी विचारलेलं नसणार.

—

आडवी रेघ

वरचं सगळं खरं असेल. मला मात्र दरवेळी राग येतो. कारखाने काय हवं ते विकणार आणि आपण सिंकपाशी उभं राहून डब्या धुणार.

घरं निरपराध आहेत असं म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. तेव्हा ओल्याच्या बाबतीत आपण गप्प बसावं हे बरं. पण सुक्याचं बघा. जपानमध्ये कामिकात्सु नावाचं डोंगरातलं खेडं आहे, वस्ती दीड हजाराच्या आसपास. २००३ मध्ये त्यांनी ठरवलं की २०२० पर्यंत काहीही जाळायचं किंवा पुरायचं नाही. गावात कचऱ्याची गाडीच नाही. लोक स्वतः धुऊन, वाळवून केंद्रावर आणतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळं करतात. चाळीसच्या वर! यापेक्षा जास्त सहकार्य घरांकडून कुणी मागू शकेल का? इतकं करून ते ८० टक्क्यांच्या आसपास पोचले आणि तिथेच अडले. उरलं त्यात डायपर, पीव्हीसी, एकावर एक चिकटवलेले थर, असलं सगळं. ते वेगळं करायला माणसं कमी पडली नाहीत. ती वस्तू बनवतानाच सुटी होणार नाही अशी बनवलेली होती.

थॉमस लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश माणसाने १९९० मध्ये हेच मांडलं होतं, की वस्तू वापरून झाल्यावर तिचं काय होणार याची जबाबदारी बनवणाऱ्याची. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांसाठी तसा कायदा केला. तेव्हा ताई, तुमच्या बैठकीत पाचवी खुर्ची रिकामी होती, बनवणाऱ्याची. तो कधीच येत नाही.

आणि अजून एक. ‘घरांनी करावं’ म्हणतो तेव्हा घर म्हणजे कोण? माझ्या पाहण्यात तरी तो डबा एकच माणूस धुतो, आणि तो माणूस बहुतेक बाई असते.

—

हिशेबनीस

शेवटचं वाक्य वाचून आधी चिडले, मग वही काढली. आज रविवार, घरोघर गेले आणि एवढंच विचारलं: तुमच्याकडे डबा कोण रिकामा करतं आणि कोण धुतं? ४५ घरं उघडी होती. ४१ ठिकाणी बाई, त्यातल्या निम्म्या सासू किंवा आई. दोन ठिकाणी उत्तर येण्याआधी आतून भांडण ऐकू आलं. माझ्या घरचं उत्तर लिहिते: मी. मोहीम मी काढली म्हणून डबाही मीच धुवायचा, असा नियम कधी झाला ते मला आठवत नाही.

आमच्या पत्रकात लिहिलं होतं ‘प्रत्येक कुटुंबाने’. कुटुंबाला हात नसतात हे मला कळायला हवं होतं. हिशेबात ‘विविध खर्च’ असा रकाना कुणी मांडला की मी त्याला फाडून खाते.

बनवणाऱ्याच्या खुर्चीचं मात्र मला ४८ घरांतून काही करता येईलसं दिसत नाही. आत्ता मला २६ किलो ओल्याचं बघू दे. उद्या सकाळी गाडीवाल्याला गाठते.

—

दुसरा मजला

इतका ऊहापोह कशाला? आमच्याकडे सरळ दंड आहे. मिसळलेलं सापडलं की पावती फाडायची, आणि खाली फळ्यावर त्या घराच्या नंबरापुढे लाल ठिपका. महिन्यात सुतासारखे सरळ होतात.

—

मातीखालची

महिन्यात होतात, आणि सहाव्या महिन्यात? मी दोन इमारतींत ठिपके पाहिलेत. एकीत कुणीतरी रात्री सगळ्या नंबरांपुढे ठिपके काढून ठेवले, समितीच्या अध्यक्षांच्यासकट.

दंडाबद्दल एक जुना प्रयोग आठवतो. इस्राएलमधल्या हायफा शहरात दहा पाळणाघरं घेतली. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. सहा पाळणाघरांत उशिराला दंड लावला. उशीर वाढला! आधी ‘बाई आपल्यासाठी खोळंबतील’ म्हणून लोक धावत यायचे, आता पैसे भरलेत म्हटल्यावर निवांत. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. हा निबंध २००० सालचा, ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांचा. माझा यावर फार विश्वास बसतो, कारण आमच्याकडे एक गृहस्थ वर्षाचा दंड आगाऊ भरायला तयार होते.

फळ्याचंही तसंच. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस इथे घरांना कळवलं की तुमची वीज शेजाऱ्यांच्या मानाने इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी कमी केली, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवली. त्यांच्या कागदावर नुसता एक हसरा चेहरा काढला तेव्हा ती वाढ थांबली. २००७ चा अभ्यास आहे.

दंड नकोच असं माझं म्हणणं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जन्मभर लोकांची सामायिक कुरणं, पाट, मासेमारी यांचा अभ्यास केला, २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांना दिसलं की टिकलेल्या ठिकाणी शिक्षा असते, पण पहिल्या चुकीला अगदी किरकोळ, मग चढत जाते, आणि पाळत त्यांच्यातलीच माणसं ठेवतात. पहिल्यांदा घरी जाऊन नुसतं विचारायचं, काय अडलं? माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं तिथेच संपतात. एका घरात पाहुणी आलेली असते, एकात डब्याचं झाकण मोडलेलं असतं. कुणाच्या घरात दुखणं असतं, आणि तिथे कचऱ्याचं बोलायला गेल्याबद्दल आपणच माफी मागून येतो.

—

हिशेबनीस (सहा आठवड्यांनंतर)

मंडळी, उशिरा लिहितेय पण लिहितेय.

गाडीवाल्याला गाठलं. पहिल्या दिवशी त्याला वाटलं तक्रार करायला आलेय, त्याने गाडीचा आवाज वाढवला. तिसऱ्या दिवशी बोलला. एकच पोट आहे गाडीला, मुकादमदादा म्हणाले तसंच. पण त्याने आणखी एक सांगितलं ते मला दहा बैठकांत कळलं नसतं. आमचं फाटक सातला उघडतं. तो येतो पावणेसातला. पंधरा मिनिटं थांबला की पुढच्या शाळेपाशी गर्दीत अडकतो, म्हणून उघडल्या उघडल्या जे हाताला येईल ते एका दमात ओतून पळायचं. “बाई, मला दोन डबे दोनदा उचलायला वेळ द्या, मी कशाला मिसळू?” मी पाच दिवस घड्याळ लावून बघितलं. सरासरी थांबणं तेरा मिनिटं.

पहारेकऱ्याशी बोलून डबे साडेसहाला फाटकाबाहेर ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी ना साहेब लागले, ना ठराव. वारांचं पत्र मात्र द्यावं लागलं, मंगळवार आणि शनिवार सुका. हे वार त्यानेच सांगितले. मंजुरी यायला साडेतीन आठवडे लागले. तोवर तो तोंडी ठरल्याप्रमाणे करत होता.

ठेका टनावरच आहे. ते बदलणं माझ्या आवाक्यात नाही. पण ४८ घरांचे २६ किलो ठेकेदाराच्या नजरेत भरण्याइतके नाहीत, हे आमच्या पथ्यावर पडलं. शंभर इमारतींनी हे केलं तर तो नक्की बोलेल, आणि तेव्हा कुणाला तरी करारच बदलायला लागेल.

सुतार. भट्टीवाले, तुमचा अंदाज बरोबर होता. पोत्यात निम्म्याहून जास्त प्लायवूडचा भुसा. कारागिराने हातावर घेऊन दाखवलं, कोऱ्या लाकडाचा फिकट आणि वासाला गोड, प्लायवूडचा करडा आणि नाकाला झोंबणारा. जुना ढीग उपसून काढला, तो खत म्हणून कुठेही वापरायचा नाही असं ठरवलं. आता रंध्याच्या साली वेगळ्या पोत्यात, दर शनिवारी सकाळी. बदल्यात मालकांना काय हवं होतं? शनिवारी लाकूड उतरवताना आमच्या भिंतीलगत टेम्पो लावायला एक तास. दोन वर्षं याच जागेवरून त्यांची आमच्या समितीशी बाचाबाची चालली होती. बैठकीत त्यांनी हे काढलं नाही, कारण तिथे विषय पर्यावरण होता.

मूठ पिळून बघायला आता तळमजल्यावरचे काका स्वतः येतात. बोलतात अजून फारसं नाही, पण थेंब मोजतात.

कॅन्टीन जमलं नाही. त्यांच्या कचऱ्यात आतून प्लास्टिकचा थर असलेले कागदी कप इतके मिसळलेले असतात की निवडायला माणूस हवा, आणि तो कुणाचा यावर गाडं अडलं. व्यवस्थापक भले आहेत, पण कप आणायचं ठरवतो तो विभाग दुसराच. आडवी रेघ, तुमची पाचवी खुर्ची अशी दिसते वाटतं. त्या कचेरीच्या बागेला खत हवंय मात्र, ते नेणार आहेत. म्हणजे नको ती जोडी तुटली आणि न सुचलेली जुळली.

घरं आता २४. पूर्वीच्या ३१ ला अजून पोचलो नाही, आणि ती सात घरं कुठली हे मला माहीत आहे. तिथे मी एकदाच गेले, मातीखालचीताईंचं ऐकून नुसतं विचारायला. दोन ठिकाणी खरोखर दुखणं होतं. एका ठिकाणी म्हणाले, “परत मिसळणार नाहीत कशावरून?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून बोलले नाही. परवा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी ग्रुपवर नवा व्हिडिओ टाकला, एकोणीस सेकंदांचा. गाडी, हिरवा डबा, निळा जागेवरच. खाली याही वेळी अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी त्या घराचा डबा वेगळा होता.

डबा धुण्याचं म्हणाल तर आमच्या घरी आता मंगळवार-शनिवार मुलगा धुतो. म्हणजे पाण्याखाली धरतो.

फाटकाच्या आत एक कागद लावलाय. काय येणार, कुणाकडून, कुठल्या वारी, आणि आलं नाही तर कुणाला फोन करायचा. ‘आपण सगळे’ त्यात कुठेच नाही. गाडीवाल्याचं नाव सगळ्यांत वर आहे, त्याला विचारून लिहिलंय.

आज शनिवार. साडेदहा झाले, साली आलेल्या नाहीत. नंबर कागदावर आहे, फोन करून येते.